डेल्फ्टची तपासणी

आमच्या कालवा इन्स्पेक्टरांकडे दोन घड्याळं असत. एक मनगटावर, दुसरं कोटाच्या खिशात साखळीला. दोन्हींत पाच-सात मिनिटांचा फरक कायमचा. फलटणजवळच्या त्या कालव्याच्या कचेरीत मी कारकून म्हणून नवा लागलो होतो, तेव्हा एकदा धीर करून विचारलं, "साहेब, यातलं खरं कोणतं?"

"दोनीबी खोटी," ते म्हणाले. "पर येकमेकाचा धाक ऱ्हातो त्यास्नी."

माणसांबद्दलही त्यांचं मत याहून फार वेगळं नव्हतं. 'जेवलात का?' असं कुणी विचारलं तर ते आधी विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. हा आपल्या जेवणाची चौकशी का करतोय? आपण घरी गेलो की याला मागं काय करायचंय? त्यांच्या नोकरीचं मूळच या संशयात होतं. कालव्याचं पाणी चाऱ्यांमधून, म्हणजे लहान पाटांमधून, उसाच्या रानांत जायचं, प्रत्येकाची पाळी ठरलेली, आणि पाळी नसताना हळूच चारीचं दार उचलून पाणी घेणारे लोक गावोगाव होते. त्यांना पकडायचं हे इन्स्पेक्टरांचं काम. ते त्यांनी इतकी वर्षं केलं होतं की पुढं पुढं त्यांना सगळं जग पाळी नसताना पाणी घेणारं दिसू लागलं.

एकदा एक बागायतदार देवाची शपथ घेऊन सांगत होता, "आवं सायेब, आठ दिस झालं, रानाला टिपूस न्हाई." इन्स्पेक्टर त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. गोठ्यात गेले. म्हशीच्या पाठीवर ओला चिखल होता. कालव्यात जनावर घालायला बंदी, विहीर आटलेली, मग म्हैस लोळली कुठं? रानाच्या कडेच्या सरीत पाणी सापडलं. परतताना मला म्हणाले, "मानसाला इचारत बसू ने. मानूस बोलायला शिकलाय. म्हस अजून न्हाई शिकली."

ते मूळचे आटपाडीकडचे, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातले. कालवा खोदायला मजूर म्हणून आले, मग पाटकरी झाले, म्हणजे चाऱ्यांची दारं उघडणारे-मिटणारे, आणि साहेब लोकांनी त्यांची नजर बघून त्यांना वर चढवत नेलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नसे. मला ते नावानं हाक मारत नसत, 'सांगलीकर' म्हणत. माझ्या गावावरही त्यांचा विश्वास नव्हता. "किष्णा दारात वाहती तुमच्या. तुमास्नी पान्याची भीती न्हाई. भीती न्हाई तितं इमान कुटनं यायचं?"

अशा माणसानं हॉलंडातल्या एका जुन्या गावाची एका दिवसाची सहल आखली होती, हे आज कुणाला सांगितलं तर माझ्यावरच संशय येईल. ती सहल कधी झाली नाही, हे आधीच सांगून टाकतो. ते मुंबईच्याही पलीकडे कधी गेले नाहीत. पण ती आखायला त्यांना पुरतं दीड वर्ष लागलं, आणि त्यातला शब्दन् शब्द माझ्या हातून लिहिला गेला.

लढाईचे दिवस होते. जावा बेट जपान्यांनी घेतलं तेव्हा तिथून पळालेला एक डच माणूस आमच्या भागातल्या साखर कारखान्यावर यंत्रं सांभाळायला आला. उंच, वाकलेला, पन्नाशीकडं झुकलेला. बायको आणि सहा वर्षांची मुलगी मागं जावातच राहिली होती. ती जपान्यांच्या छावणीत आहेत एवढंच त्याला ठाऊक होतं. जिवंत आहेत की नाहीत, हे नाही. गावात त्याला डचसाहेब म्हणत.

इन्स्पेक्टरांना कारखान्याचा संशय होताच. एका सकाळी आम्ही दोघं तिकडं गेलो तर हा माणूस कालव्याच्या काठावर बूट काढून, पाण्यात पाय सोडून बसलेला.

"त्येला इचारा, सरकारी पान्यात पाय का घातलाय?"

मी इंग्रजीत विचारलं. तो दचकला नाही. म्हणाला, "आमच्या गावात सगळे असेच बसतात. घराच्या दारासमोर कालवा, त्याच्यासमोर रस्ता, मग पुन्हा कालवा. मला तुमचा हा कालवा बघून गावाची आठवण येते."

मी सांगितलं. इन्स्पेक्टरांनी खिशातलं घड्याळ काढलं, पाहिलं, परत ठेवलं. काही खोटं ऐकलं की ते असं करत.

"दारातनं पानी जातंय म्हनतो. आन् कुलपं?"

"कसली कुलपं?"

"पान्याला. दारांना. पाळी कुनाची, राखन कोन करतं?"

डचसाहेब हसला. पाणी चोरायला कोण येईल, म्हणाला; आमचं सगळं दुखणं पाणी बाहेर कसं काढायचं हे आहे.

परतीच्या वाटेवर इन्स्पेक्टर मैलभर भराभर चालले. मग एकदम थांबले. "सांगलीकर, ह्यो मानूस येकतर लय मोठा लबाड हाय, न्हाईतर त्ये गाव बगाय पायजे."

त्यानंतर दर रविवारी आम्ही डचसाहेबाच्या खोलीवर जाऊ लागलो. तो आमच्यासाठी कॉफी करी. इन्स्पेक्टर आधी मला प्यायला लावत, मग स्वतः पीत. गावाचं नाव डेल्फ्ट. इन्स्पेक्टर त्याला 'डेलपट' म्हणत. मी मध्ये बसून इकडचं तिकडं करी.

सहल एकाच दिवसाची का, हे मी त्यांना विचारलं होतं. बोटीनं जायला तीन आठवडे, यायला तीन आठवडे, आणि तिथं फक्त एक दिवस?

"तपासनीला येकच दिस असतो," ते म्हणाले. "दुसऱ्या दिशी समद्यास्नी ठावं झालेलं असतं, इन्स्पेक्टर आलाय म्हनून. मग दिसतंय त्ये समदं खोटं."

लढाई संपली की जायचं, हे ठरलं. साठलेली रजा होतीच, त्यांनी कधी घेतलीच नव्हती. बोट पहाटे रॉटरडॅमला लागणार. तिथून आगगाडी, पाव तासाचा प्रवास. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर पहिला कालवा. डचसाहेबानं आमच्याच कचेरीतल्या एका जुन्या फॉर्मच्या पाठीमागं नकाशा काढून दिला: कालवे, पूल, कललेल्या मनोऱ्याचं एक जुनं ख्रिस्ती देऊळ, मधला बाजारचौक, पूर्वेकडची दोन बुरुजांची वेस. त्यावर इन्स्पेक्टरांनी सांगितलेल्या वेळा मी मराठीत घातल्या. नऊ चाळीस, पहिला पूल. दहा पाच, दुसरा पूल. इथं पाण्याची उंची बघणे. साडेदहा, मनोरा, कलला आहे तो खालच्या पाझरानं की बांधणाऱ्याच्या चोरीनं, चौकशी करणे. जेवणाला वीस मिनिटं.

"तिथं निळ्या नक्षीची चिनी मातीची भांडी होतात," डचसाहेब म्हणाला. "ती बघायला तासभर ठेवा."

"भांडी कशाला? भांडी कुनीबी चांगली करतंय. मला तिथली गटारं बगायची हायती."

आणि ते उलटतपासणी घेत. हीच त्यांची रीत होती. एकच प्रश्न तीन रविवारी तीन तऱ्हांनी विचारायचा. तुमच्या आईचं घर दुसऱ्या पुलाच्या कुठल्या अंगाला? पायऱ्या किती? पुलावरनं गाडी गेली की घरात आवाज येतो का? डचसाहेब न चुकता उत्तरं देई. बोलताना त्याचा चेहरा उजळे. बायको-मुलीचा विषय तो कधी काढत नसे, आणि इन्स्पेक्टरांनीही एकदाही काढला नाही. सगळ्या गोष्टी विचारणाऱ्या माणसानं ही एक विचारली नाही, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

मग एका रविवारी, भर उन्हाळ्यात, त्यांनी विचारलं, "तुमच्या गावच्या पान्याला उनाळ्यात वास कसला येतो?"

डचसाहेब गोंधळला. "वास? वास नाही येत."

"बरं," इन्स्पेक्टर म्हणाले, आणि कॉफी संपवून उठले.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ह्येनं त्ये गाव बगितलंच न्हाई."

"काय सांगता! पुलांची नावंसुद्धा पाठ आहेत त्याला."

"पाठच हायती. साचल्या पान्याला वास असतो, गड्या. वाहत्यालाबी असतो. जो पान्याकडंला वाडला त्यो पैल्यांदा वास सांगंल, मग पूल सांगंल. ह्येला कुनीतरी समदं सांगितलंय. डोळ्यानं बगितलं न्हाई."

मी चरकलो. मग हा माणूस कोण? डच तरी आहे का? त्याचे कागद जावातून पळताना बोटीबरोबर बुडाले, असं तो सांगे. जर्मन असला तर? आणि जर्मन असला, तर त्यानं काढलेल्या पुलांच्या नकाशावर अक्षर कुणाचं आहे?

ते दिवसच तसे होते. बेचाळीसच्या चळवळीनंतर सातारा जिल्ह्यात तारा तुटत होत्या, चावड्या जळत होत्या, कोण भूमिगत आणि कोण खबऱ्या हे शेजाऱ्यालाही कळत नव्हतं. आमच्या कालव्याच्या काठानं जाणारी टेलिफोनची तार कुणीतरी कापली होती, आणि कचेरीतल्या एकेकाला बोलावून विचारणं चालू होतं. माझी मुलगी दोन महिन्यांची होती. रात्रभर मला तो नकाशा डोळ्यांसमोर दिसे: पूल, वेळा, आणि माझं वळणदार अक्षर. तीन दिवस मी जेवलो नाही.

चौथ्या दिवशी मी डाव्या हातानं एक निनावी अर्ज लिहिला. साखर कारखान्यावरील परदेशी इसम स्वतःला ज्या गावचा म्हणवतो ते गाव त्यानं पाहिलेलंच नाही, तो पुलांचे नकाशे काढतो, तरी त्याची चौकशी व्हावी. रहिमतपूरला मेहुण्याकडं गेलो होतो, तिथल्या पेटीत टाकला.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगताना मला स्वतःला सूट द्यायची नाही. मला वाटलं होतं, आधी आपण कळवलं तर आपल्यावर येणार नाही. एवढंच वाटलं होतं. त्या माणसाचं काय होईल, याचा मी विचार केला नाही.

पंधरा दिवसांनी साताऱ्याहून एक पोलीस अधिकारी जीपमधून आला. डचसाहेबाला त्यानं कारखान्यावरून आमच्याच कचेरीत आणवलं, कारण नकाशा इन्स्पेक्टरांच्या टेबलात आहे, हे डचसाहेबानंच सांगितलं होतं. अधिकाऱ्यानं तो पसरला आणि खिशातून माझा अर्ज काढून मोठ्यानं वाचला. मी भिंतीला टेकून उभा होतो. इन्स्पेक्टर मान खाली घालून ऐकत होते.

"नऊ चाळीसला पुलावर काय करणार होता?"

"बगनार," इन्स्पेक्टर म्हणाले.

"काय बघणार?"

"पानी."

"आणि मग?"

"मग फुडच्या पुलावर जानार."

"तिथं?"

"तितलं पानी बगनार."

अधिकाऱ्याला वाटलं हा आपली चेष्टा करतोय. पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून तो नरमला. "हे अक्षर कुणाचं?"

इन्स्पेक्टर लगेच म्हणाले, "कागद माजा हाय. मी सांगितलं तसं उतरलंय. जाब मला इचारा."

मग अधिकारी मुद्द्यावर आला. साताऱ्याला शत्रूदेशातल्या लोकांची छावणी होती. याची ओळख पटली नाही तर याला तिथं नेऊन जर्मनांत ठेवावं लागेल, म्हणाला, लढाई संपेपर्यंत. डचसाहेबाला मराठी येत नव्हतं, पण 'जर्मन' आणि 'छावणी' त्याला कळलं असावं. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. छावणी या शब्दाचा त्याच्यापुरता काय अर्थ होता, ते त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

"तुम्ही वर्षभर याच्याशी बोलताय," अधिकारी इन्स्पेक्टरांना म्हणाला. "तुमची ख्याती मी ऐकलीय. खोटं बोलणारा तुमच्यापुढं टिकत नाही म्हणतात. सांगा, हा माणूस त्या गावचा आहे की नाही?"

इन्स्पेक्टरांचा हात खिशातल्या घड्याळाकडं गेला आणि तिथंच थांबला.

"हाय," ते म्हणाले.

"खात्रीनं?"

"तीस वर्सं मी लोकांचं खोटं धरतोय. ह्येला मी उभा-आडवा इचारलाय. त्यो त्याच गावचा हाय."

"लिहून द्याल?"

ज्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आयुष्यात एका पंचनाम्यावर सही केली नव्हती, त्यानं माझ्याकडून जबाब लिहून घेतला आणि खाली सही केली. मराठीत, मोठ्या अक्षरांत, सावकाश. जबाब खोटा आहे हे त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. जबाब लिहिताना माझा उजवा हातही डाव्यासारखाच चालला.

जीप गेली. डचसाहेब खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडला. इन्स्पेक्टरांनी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला, काठी उचलली आणि मला म्हणाले, "चला, तिसऱ्या चारीवर जायाचंय."

अर्जाबद्दल ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मी मात्र वाट बघत राहिलो. ज्याला जगाचा संशय, त्याला माझा कसा येत नाही? ते माझ्याकडं बघत तेव्हा मी नजर चुकवी. रविवार पूर्वीसारखेच चालू राहिले. पण आता ते डचसाहेबाला प्रश्न विचारत नसत. तो सांगेल ते ऐकत, मान डोलवत. "व्हय, व्हय. मग मनोऱ्याच्या डाव्या अंगानं, न्हवं?" त्या वागण्यानं मी आणखीच घाबरून गेलो.

लढाई संपली. पुढच्या साली तार आली: डचसाहेबाची बायको आणि मुलगी जिवंत होती. त्यांना बोटीनं हॉलंडला नेलं होतं, आणि त्या डेल्फ्टमध्येच, त्याच्या मावशीकडं, दुसऱ्या पुलाजवळच्या घरात उतरल्या होत्या.

आम्ही त्याला लोणंद स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडीला वेळ होता. डचसाहेबानं नवा कोट शिवला होता आणि तो घामानं भिजला होता. तो एकाएकी माझा दंड धरून म्हणाला, "त्यांना सांगा. मला आज हे सांगितलंच पाहिजे. मी त्या गावात कधी गेलेलो नाही. माझा जन्म जावातला. माझी आई तिथली. तिला घराची आठवण आली की ती मला पाटीवर पूल काढून दाखवायची. मी खोटं बोललो."

मी सांगितलं. इन्स्पेक्टर गाडी यायच्या दिशेला बघत होते.

"ठावं हाय म्हनावं."

"केव्हापासून?"

"वासापासनं."

डचसाहेबानं माझा दंड सोडला. मग हळू आवाजात म्हणाला, "मुलगी सहाची होती, आता दहाची आहे. ती मला ओळखणार नाही. मी स्टेशनावर उतरणार आणि परक्यासारखा लोकांना माझ्याच घराचा रस्ता विचारणार."

ते ऐकून इन्स्पेक्टरांनी काठी फलाटावर आपटली. "इचारायचं कशाला? चुकायचं कारनच न्हाई. ऐका." आणि त्यांनी त्याला रस्ता सांगायला सुरुवात केली. ठेसनातनं भाईर आलं की समोरचा कालवा उजव्या हाताला धरायचा. पैला पूल सोडायचा. मनोरा दिसला की त्याच्याकडं बगत बसायचं न्हाई, मानूस थितंच चुकतो. मी भराभर इंग्रजी करत होतो. गाडी आली. डचसाहेब चढला, खिडकीत आला. गाडी हलली तसे इन्स्पेक्टर खिडकीबरोबर चालू लागले, मग धावू लागले. "दुसरा पूल उतरलं की डावीकडं! पाच पायऱ्या! दार वाजवायचं, हाक मारू नगा, पोरगी घाबरंल!"

माझं इंग्रजी मागं पडलं, गाडी पुढं गेली. डचसाहेब खिडकीतून सारखी मान हलवत होता. कळलं, कळलं, असं.

इन्स्पेक्टर फलाटाच्या टोकाला धापा टाकत उभे राहिले. मी जवळ गेलो. गाडी वळणाआड जाईपर्यंत ते तिकडं बघत होते. नंतर माझ्याकडं न वळता म्हणाले, "त्यानं गाव बगितलं न्हाई, ह्ये मी आयुक्शात येकाच मानसाला बोललो हुतो."

मी एवढंच म्हणालो, "साहेब, तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं. तीन वर्षं. मग बोलला का नाहीत?"

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"तुमी कवा सांगताय, ते बगत हुतो."